गुडघ्यांवर शाळा मोजणारा माणूस

मणचेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या वाडीच्या माळावर गुडघ्यांवर चालत होते.

सकाळचे दहा वाजले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोक्यावर टोपी आणि सहा फुटांचा हा माणूस गवतातून गुडघ्यांवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या बायका थांबून बघत होत्या. एक म्हातारा मला हळूच म्हणाला, "गुरुजी, साहेबांनी नवस केला हाय काय?"

मला वाटलं, काहीतरी पडलं असेल. चष्मा, किल्ली, निदान दहाची नोट. पाहुण्या माणसाला मदत करावी म्हणून मीही वाकून गवत चाचपायला लागलो. पाच-सात मिनिटं आम्ही दोघं असे समोरासमोर माळावर फिरत होतो. शेवटी मी विचारलं, "साहेब, काय हरवलंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "मी सध्या पहिलीत आहे. जरा बाजूला व्हा. तुमच्यामुळे मला काही दिसत नाही."

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवर प्राथमिक शिक्षक आहे. घर महाडात, नोकरी डोंगरात, आणि उरलेलं आयुष्य या दोहोंमधल्या स्कूटरवर. आमच्या जुन्या शाळेची मागची भिंत एका पावसाळ्यात बसली. सुदैवानं त्या दिवशी रविवार होता. तेव्हापासून शाळा मारुतीच्या सभामंडपात भरत होती. देवळात येणारा प्रत्येक माणूस घंटा वाजवायचा आणि पाढा तुटायचा. आमच्या दुसरीतली पोरं सातचा पाढा म्हणताना मध्ये एकदा "टण्" म्हणायची, आणि मारुतीसमोर मी त्यांना रागवूही शकत नव्हतो. अखेर दोन खोल्यांची नवी शाळा मंजूर झाली आणि ती बांधायला बांधकाम खात्यातून हे मणचेकर अभियंते आले.

त्यांच्या पँटीच्या दोन्ही गुडघ्यांना रेक्झिनची ठिगळं होती. पोलादपूर स्टँडजवळ छत्र्या आणि दप्तरं शिवणाऱ्याकडून त्यांनी ती मुद्दाम लावून घेतली होती. प्रत्येक पँटीला. लग्नाला घालायच्या पँटीलासुद्धा.

"मुद्दा उंचीचा आहे, गुरुजी," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "शाळा कोण बांधतं? साडेपाच फुटांचा माणूस. वापरतं कोण? साडेतीन फुटांचं पोर. मग ते पोर चार वर्षं भिंत बघत बसतं आणि आपण म्हणतो, पोराचं लक्ष नाही."

मुद्दा उंचीचा आहे, हे त्यांचं पालुपद. ते कुठे निघेल याचा नेम नसे. एकदा मी त्यांना आमच्या नात्यातल्या लग्नाला घेऊन गेलो. मंगलाष्टकं चालू झाली तसे ते अस्वस्थ झाले. "अंतरपाट फार वर धरलाय," ते माझ्या कानात म्हणाले. "मुद्दा उंचीचा आहे. मुलगी बुटकी आहे. तिला काय अंदाज येणार?" मी म्हटलं, साहेब, अंदाज येऊ नये म्हणूनच तो धरतात. त्यांना ते पटलं नाही.

शाळा देखणी दिसावी असं कुणी सुचवलं, कमान सुचवली, समोर खांब सुचवले, की ते म्हणत, "ते कावळ्यांना दाखवा." म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ते समजावून सांगत. इमारत पुढून आणि वरून कशी दिसते याची काळजी कावळ्यांनी करावी, आत बसणाऱ्याला तिच्याशी कर्तव्य नाही, असा तो सिद्धांत होता. आमच्या सरपंचांना गेटावर दोन सिंह हवे होते. ते सिंह मणचेकरांनी एका वाक्यात कावळ्यांना देऊन टाकले.

गुडघ्यांवर चालून चालून त्यांचे गुडघे दुखायचे. महाडातल्या डॉक्टरांनी ते तपासले, दाबून पाहिले आणि विचारलं, "काम काय करता?"

"अभियंता आहे."

"ते झालं हो," डॉक्टर म्हणाले. "पण फरशी स्वतःच बसवता का?"

तेव्हापासून दर रविवारी ते महाडजवळच्या सव गावाला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसायचे. शेजारी कुणी संधिवाताचा म्हातारा असला की त्याला उताराचं आणि पाण्याच्या निचऱ्याचं शास्त्र सांगायचे. पाणी गरम असल्यामुळे म्हाताऱ्याला लगेच उठून जाता येत नसे.

नकाशा काढण्यापूर्वी त्यांनी माझ्या सगळ्या पोरांची मापं घेतली. देवळाच्या खांबाला एकेकाला उभं करून खडूनं खूण. मग मांडी घालून बसवून डोळ्याची उंची. मग हात वर करायला लावून बोटं कुठवर पोचतात ते. पोरांना वाटलं, गणवेश येणार. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी चार आया "आमच्या पोरीला जरा वाढत्या अंगाचा शिवा" असं सांगायला आल्या. मणचेकरांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं, "वाढीव माप धरावे."

पहिलीतली चिमी सगळ्यांत बुटकी. तिच्या डोळ्याच्या उंचीवर वर्गाच्या खिडकीची खालची कड यायची, असं ठरलं. वरच्या कार्यालयातून पत्र आलं की ठरलेल्या नकाशापेक्षा खिडक्या खाली का घेतल्या याचा खुलासा करावा. मणचेकरांनी खुलासा पाठवला. तो मी वाचलेला आहे. त्यात एकच ओळ होती: "विद्यार्थी लहान आहेत." वरच्या साहेबांनी त्यावर "पाहिले" असं लिहून सही केली. या खात्यात इतका छोटा पत्रव्यवहार पूर्वी कधी झाला नसावा.

पण खरा प्रश्न जागेचा होता.

आमचे सरपंच बाळारामभाऊ म्हणजे धिप्पाड, तोंडाळ आणि मनानं चांगला माणूस. त्यांच्या मनात शाळा रस्त्याच्या वळणावर व्हावी असं होतं. तिथे आयती सपाटी होती, खडी-वाळूचा ट्रक थेट येत होता, आणि मुख्य म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जीपला शाळा दिसली असती. शाळेवरची पाटीही. पाटीवर काय लिहायचं हे भाऊंच्या मनात तयार होतं.

मणचेकरांनी त्या सपाटीच्या पाठीमागच्या डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, "पावसाचं पाणी कुठून जातं?"

"पाणी काय साहेब, वरनं खाली जातं," भाऊ म्हणाले. मंडळी हसली.

"इथून जातं का?"

"हितं कदी पाणी बगितलं नाय. माझा जन्म हितं गेला."

मणचेकरांनी वही मिटली. मे महिना होता. ते निघून गेले आणि जुलैत उगवले. पाऊस असा की समोरचं घर दिसेना. गुडघ्याच्या वर येणारे गमबूट घालून ते एसटीतून उतरले. हातात महाडच्या एका मिठाईवाल्याची पिशवी. मला वाटलं, पेढे आणले. पिशवीत मिठाईत घालायच्या गुलाबी रंगाची पाकिटं होती.

"साहेब, शिमगा होऊन गेला की," भाऊ म्हणाले.

डोंगरावर अर्ध्या चढाला एक ओहोळ मोठ्या दगडांच्या खाली घुसतो आणि नाहीसा होतो. तो पुढे कुठे जातो हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला कधी पडलंही नव्हतं. प्यायची विहीर त्या अंगाला नाही ना, हे मणचेकरांनी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून घेतलं. मग ते एका गड्याला घेऊन वर चढले. मला खाली, त्या सपाटीवर, छत्री देऊन उभं केलं. "फक्त बघत राहा," म्हणाले.

सरपंचही माझ्याबरोबर उभे राहिले. त्यांना साहेबांची फजिती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. सपाटीच्या बरोबर मध्यभागी, जिथे वर्गाची खोली यायची होती, तिथे छत्री रोवल्यासारखे ते उभे होते. पायात नव्या पांढऱ्या सँडल.

अर्धा तास गेला. तास गेला. "गुरुजी," भाऊ म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं ह्येच वाईट. त्याला घरी बसवत नाय." मी हसलो. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पाय भिजून पांढरे पडले होते.

मग भाऊ खाली बघायला लागले. त्यांच्या दोन पायांच्या मधून, गवताच्या मुळातून, पाणी वर येत होतं. नुसतं बुडबुड्यासारखं. पण त्याचा रंग गुलाबी होता. बघता बघता ते पसरलं, त्यांच्या सँडलवरून गेलं आणि रस्त्याकडे उतरायला लागलं.

मणचेकर खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. उलट कसंनुसं झालं होतं त्यांना. "नको होतं व्हायला," ते म्हणाले. "जागा सोयीची होती."

भाऊ आपल्या सँडलकडे बघत होते. "म्हंजे शाळा हितं बांदली असती, तं..."

"पाच-दहा वर्षं काही झालं नसतं," मणचेकर म्हणाले. "पाणी आतून माती नेत राहिलं असतं. मग एखाद्या पावसाळ्यात, रविवार नसताना..."

 आमच्या भागात पुढचं बोलावं लागत नाही. दरड म्हणजे काय ते पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. भाऊंनी छत्री मिटली, आणि त्या पावसात तसेच घरी गेले.

आता दुसरी सुरक्षित जागा वाडीत एकच होती. देवळाच्या वरच्या अंगाचा कातळाचा माळ, जिथे मी त्यांना पहिल्यांदा गुडघ्यांवर बघितलं होतं. जागा भाऊंची स्वतःची. मुंबईला असलेल्या मुलासाठी तिथे बंगला बांधायचं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशीही मणचेकर भाऊंना न विचारताच तिथे फिरत होते, हे मला नंतर कळलं.

मणचेकरांनी जागा मागितली नाही. पावसाळा सरल्यावर ते फक्त येत राहिले. यायचे, माळावर गुडघ्यांवर चालायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि जायचे. तिसऱ्या वेळी भाऊ तरातरा वर आले.

"साहेब, तुमी माज्या जागेत गुडगे घासताव. लोकं बगतात. मला शरम वाटते."

"मग तुम्ही घासा," मणचेकर म्हणाले. "माझे दुखतात."

मला वाटलं, आता काही खरं नाही. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग त्या धिप्पाड माणसानं इकडेतिकडे कुणी नाही ना ते पाहिलं, धोतर सावरलं आणि तो खाली बसला. गुडघ्यांवर. एक-दोन पावलं तसाच पुढे सरकला आणि थांबला.

 समोर खालची नदी, पलीकडचा डोंगर आणि कशेडीच्या घाटातले ट्रक मुंग्यांसारखे चाललेले.

"हितं मी आयसबरूबर करवंदांना यायचो," ते शेवटी म्हणाले. "तवा डोंगर येवडाच मोटा दिसायचा. मंग कदीतरी बारका झाला. मला वाटलं, डोंगरच झिजला."

उठताना त्यांना आम्हा दोघांचा हात लागला. पुढच्या महिन्यात जागेचं बक्षीसपत्र झालं. मुलगा मुंबईहून फोनवर पुष्कळ बोलला म्हणे. भाऊंनी त्याला सांगितलं, "तुला बंगला कशाला? तू येतोस दोन दिवस. पोरं रोज येतील."

बांधकाम महाडच्या कादिरभाईंनी घेतलं. कादिरभाई जुने ठेकेदार, हाताखाली चांगले गवंडी. पहिल्या खिडकीची कड चार बोटं वर आली होती. मणचेकरांनी टेप लावली आणि तोडायला सांगितली.

"साहेब," कादिरभाई म्हणाले, "वीस वर्षं शाळा बांधतोय. खिडकी वर झाली अशी आजपर्यंत एका पोराची तक्रार नाही."

"कशी असेल? त्यांना खिडकी दिसलीच नाही."

कादिरभाईंनी कड तोडली. दिवसभर ते गवंड्यांवर खेकसत होते. पण दोन महिन्यांनी मी शाळेवर गेलो तर सगळे गवंडी भिंतीपाशी गुडघ्यांवर, आणि कादिरभाई मागे उभे राहून ओरडत होते, "अरे, तू पाचवीतला झालास, खाली बस." आणि काम संपत आलं तेव्हा ते मणचेकरांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, घरी नवा ओटा करतोय. अम्मी आता वाकलीय. तिच्या हिशेबानं किती उंच ठेवू?" मणचेकर त्याच संध्याकाळी महाडला जाऊन अम्मींच्या कोपराचं माप घेऊन आले. अम्मींनी त्यांना बिर्याणी खाऊ घातली. त्यांनी ती ताटाकडे फार वाकावं लागतं अशी तक्रार करत खाल्ली.

शाळेचं उद्घाटन थाटात झालं. कोनशिलेवर नऊ नावं होती. त्यांत मणचेकरांचं नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, सत्कारासाठी माइकवरून "मणचेकरसाहेब, मणचेकरसाहेब" असा पुकारा झाला, तेव्हा मणचेकर मुलांच्या मुतारीत होते. एका दुसरीतल्या मुलाला नळापाशी उभं करून तोटी फिरवता येते का ते बघत होते. हार शेवटी सरपंचांनीच आत नेऊन घातला.

इतकं सगळं असून या माणसाचं खासगी आयुष्य कुणालाच माहीत नव्हतं. महाडात एका भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. लग्न झालेलं नव्हतं. स्वतःच्या पोराचं माप कधी घेतलं नाही, असं मी एकदा गमतीनं म्हणालो, तर ते म्हणाले, "घेतली की. तीनशे-साडेतीनशे असतील." आणि विषय निचऱ्याकडे वळवला.

गेल्या मे महिन्यात मी करंजमाळला गेलो होतो. घाटाच्या अंगाची ती शेवटची वाडी. तिथल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी वास्तुशांत होती. म्हणजे घर करंजमाळला, माणसं विरारला आणि वास्तुशांत सुट्टीत. जेवून परत निघालो तर वाडीच्या टोकाला शाळा लागली. ही मणचेकरांनी बांधलेल्या अगदी पहिल्या शाळांपैकी एक. पोरं मुंबईला गेली, पट दोनवर आला आणि मग शाळा बंद झाली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

शाळेला शिडी लावलेली होती. स्लॅबवर कुणीतरी ओणवं होऊन पाइपच्या तोंडातला पाचोळा काढत होतं. पांढरा शर्ट ओळखीचा वाटला.

"साहेब?" मी हाक मारली.

ते दचकले. चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा झाला. "जरा शिडी धरा," एवढंच म्हणाले. मी धरली. ते खाली आले. हात कोपरापर्यंत काळे. "ऑफिसात बोलू नका," ते म्हणाले. "हे काम कशातच बसत नाही."

शेजारच्या घरातून येसूबाई चहा घेऊन आली. म्हातारी सत्तरीची, वाडीत उरलेल्या चार-पाच माणसांपैकी. शाळेची किल्ली तिच्याकडे असते.

"दर सालाला येतात," ती मला म्हणाली. "पाचोळा काढतात, खिडक्या उगडतात, झाडू मारतात. मी म्हटलं, साहेब, पोरं नायत. कोनासाठी करताव? तं म्हनतात, पाऊस हाय ना."

मणचेकर चहा पीत दुसरीकडे बघत होते.

आम्ही वर्गात गेलो. खोली स्वच्छ होती. भिंतीला कुठे ओल नव्हती, एक डागसुद्धा नव्हता. त्यांनी हात फिरवून छत आणि भिंत जिथे मिळते तो कोपरा तपासला. मग सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून ते जमिनीवर बसले. मीही बसलो. वारा आत येत होता.

"कुणी परत येणार आहे का इथे?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तसं काही नाही." मग थोड्या वेळानं, "गणपतीत येसूबाईची नातवंडं येतात. पाच दिवस. पाऊस असला की इथे खेळतात. मला तिनं सांगितलं." आणि मग, जणू मी काही आक्षेप घेतला होता, असं म्हणाले, "गळत असेल तर कशी खेळतील?"

खाली वाडीत वास्तुशांतीचा स्पीकर वाजत होता. इथे वर्गात त्याचा नुसता ठेका ऐकू येत होता.

"तुमच्याकडे जूनला पट किती?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे अकरा मुलं होती. त्यातली चार मुंबईला निघाली होती, दाखले मीच लिहिले होते. पहिलीला एकही नाव आलेलं नव्हतं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं, नखांत गेलेल्या मातीकडे.

"पंधरा," मी म्हणालो.

"पहिलीला?"

"चार."

ते माझ्याकडे बघत राहिले. असं खोटं जूनमध्ये उघडं पडणार हे मला कळत होतं, आणि मला वाटतं, त्यांनाही त्याच क्षणी कळलं होतं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग उठून एकेक खिडकी लावायला लागले.

किल्ली येसूबाईला दिली. शिडी लाकडी होती, जुनी, चांगलीच जड. ती खालच्या रस्त्यालगतच्या घरातून मागून आणली होती, तिथे परत न्यायची होती, आणि रस्ता तीन वळणं खाली. दरवर्षी हा माणूस ती एकटा कशी आणत होता आणि कशी नेत होता, कोण जाणे. मी पुढचं टोक उचललं, त्यांनी मागचं उचललं, आणि आम्ही उतरायला लागलो.